आगरातला माड

१

मनोरमा हर्डीकर अनवाणी धावत आल्या, तेव्हाच निवृत्त फौजदार अप्पासाहेब गुप्त्यांनी ओळखलं की चोरी झाली आहे. कुणी गेल्याची खबर द्यायला येणारा माणूस सावकाश येतो, फाटकापाशी घुटमळतो, घसा खाकरतो. अनवाणी धावतो तो लुटला गेलेला. फौजदारकीत त्यांनी हे इतक्यांदा पाहिलं होतं की हातातली कपबशी खाली ठेवण्याचीही त्यांना घाई वाटली नाही.

"अप्पासाहेब, माझा डबा गेला!"

"कसला? पितळी, की जर्मनचा?"

"पत्र्याचा हो! टेपच्या रिळाचा!"

आता मात्र कपबशी खाली गेली.

अप्पासाहेबांच्या घरामागे माडांची वाडी होती आणि वाडीत त्यांचा जुना बंगला. दोन वर्षांपूर्वी, छप्पन साली, मुंबईच्या एका संशोधन मंडळाने तो भाड्याने घेतला आणि तीन विद्वान आणून ठेवले. डॉक्टर साठ्ये लोखंडवाले. खाऱ्या हवेत लोखंड कसं गंजतं आणि ते कसं वाचवावं, हा त्यांचा विषय. डॉक्टर परकार मेंदूवाले. अंड्यातल्या पिल्लाचा मेंदू कसकसा घडत जातो ते पाहायचे. आणि पुण्याच्या मनोरमाबाई माणसंवाल्या. जिथे खुर्ची नाही, शिक्का नाही, शिपाई नाही, त्या गावात हुकूम कुणाचा चालतो आणि का चालतो, हे त्या शोधत होत्या. हे तिघं इथे खरोखर काय करतात, याचा अप्पासाहेबांना पहिल्या दिवसापासून संशय होता. पण त्याला काही अर्थ नव्हता. भाजीवालीने वर कोथिंबिरीची काडी टाकली तरी ते तिच्याकडे डोळे बारीक करून पाहत.

"रिळावर काय होतं?" त्यांनी विचारलं.

मनोरमाबाई ओसरीच्या पायरीवरच बसल्या. "खारवलीची गावकी."

खारवली म्हणजे खाडीकाठचं आगरी गाव. सगळं गाव धर्मराज शेठच्या मिठागरावर राबायचं. गेल्या महिन्यात गावाने एकमताने ठरवलं की शेठ मजुरीचा करार नीट करत नाही तोवर कुणी कामावर जायचं नाही. ते ठरलं त्या बैठकीत मनोरमाबाईंना बसू दिलं होतं, यंत्रासकट. पहिला कोण बोलला, शपथ कुणी घातली, सगळं त्या रिळावर होतं. शेठला तीच नावं हवी होती. नावं कळली की त्या माणसांना पुन्हा कुठल्याच मिठागरावर उभं केलं नसतं.

"आणि गावाने तुम्हाला बसू दिलं? का म्हणून?"

"दादूमुळे." दादू खारवलीचाच पोरगा. सातवी शिकलेला. बाईंना घरोघर घेऊन जायचा, त्यांना न कळलेलं समजावून सांगायचा. "रीळ कपाटाबाहेर जाणार नाही, असा शब्द त्याने माझ्या वतीने दिला होता. गावकीतले थोरले काशीरामबाबा म्हणाले, शब्द मोडला तर दादूचं घर वाळीत. त्याला आणि त्याच्या आईला गावात कुणी पाणी विचारणार नाही. त्यांना कळल्याशिवाय राहील का? आणि रविवारी गावकी बसतेय."

"पोलिसांत का नाही जात?"

"पोलीस पहिलं काय करतील? रीळ सापडलं की लावून ऐकतील."

हे मात्र खरं होतं. अप्पासाहेबांनीही तेच केलं असतं.

"कपाट फोडलं?"

"नाही. किल्लीने उघडलं, आणि किल्ली परत खिळ्याला लावून ठेवली."

"खिळा कुणाला ठाऊक?"

"साठ्यांना. परकारांना. मला." बाई थांबल्या. "आणि दादूला. मी दुपारी पोस्टात गेले होते तेव्हा तो येऊन गेला, असं साठ्ये म्हणाले."

२

डॉक्टर साठ्यांच्या खोलीत शिरलं की आधी नाकाला गंज लागायचा. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर मिठाच्या पाण्याच्या थाळ्या, थाळ्यांत लोखंडाच्या पट्ट्या. खुंट्यांवर तारेची रिळं टांगलेली, एकाहून एक तांबडी. कोपऱ्यात विजेची भट्टी.

"या खोलीत जे येईल ते गंजतं, अप्पासाहेब," साठ्ये हसून म्हणाले. "खारी हवा कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. घ्या, सुपारी घ्या. आमच्या श्रीवर्धनच्या आगरातली आहे, घरची."

जगात एकच गोष्ट अप्पासाहेब फुकटात, बिनसंशयाने घेत. ती म्हणजे श्रीवर्धनची रोठा सुपारी. दोन वर्षं साठ्ये त्यांना ती पुरवत होते. त्यांनी खांड तोंडात टाकलं आणि फौजदारी आवाजात विचारलं, "आज दुपारी कुठे होतात?"

"इथेच. भट्टी लावली होती. ती तापलेली असली की जागचं हलता येत नाही. जेवणापासून चहापर्यंत तिच्यासमोर बसून होतो."

"दादूला पाहिलंत?"

साठ्यांनी दाराकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली. "खरं सांगू? बोलायचं नव्हतं मला. गरीब पोरगा आहे. तो खिडकीखालून गेला, काखेत काहीतरी होतं. मग फाटकापाशी कुणाशी तरी बोलताना ऐकलं. शब्दन् शब्द कानावर आला. म्हणाला, 'डबा आगरात पुरलाय, माडाच्या बुंध्याशी.'"

"माडाच्या बुंध्याशी?"

"चला, पाहू या तरी. खोटं ठरलं तर मलाच बरं वाटेल."

साठ्ये पुढे, अप्पासाहेब मागे, आणि त्यांच्या मागे पदर मुठीत धरून मनोरमाबाई. बंगल्यामागच्या माडांत एका बुंध्याशी माती भुसभुशीत दिसत होती. अप्पासाहेबांनी काठीने उकरलं. पत्रा खणखणला.

डबा बाईंचाच होता. आत रीळ नव्हतं.

"शेठकडे गेलं वाटतं," साठ्ये हळूच म्हणाले.

मनोरमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पासाहेबांना काहीतरी खटकलं होतं, दातात सुपारीचा कण अडकावा तसं. पण डबा हातात होता. सापडलेल्या डब्यापुढे खटकलेल्या गोष्टीला कोण विचारतो?

३

तरी संशय घ्यायचा तर सगळ्यांचा घ्यावा, हा त्यांचा शिरस्ता. शुक्रवारी सकाळी ते परकारांकडे गेले. त्याला कारणही होतं. परकारांचा मेहुणा धर्मराज शेठच्या पेढीवर कारकून होता.

परकार खिडकीशी उभे राहून फोडलेल्या अंड्यात भिंगातून पाहत होते. बाजूला उबवणीची पेटी गुरगुरत होती.

"तुमचे मेहुणे काय म्हणतात?" अप्पासाहेबांनी थेट विचारलं.

परकारांनी भिंग खाली ठेवलं. चेहरा लाल झाला. "अच्छा. म्हणजे चोर मी. मेहुणा शेठचं मीठ खातो म्हणून मीही खातो? त्याच्याशी माझा ईदेचा सलाम, तेवढाच. काल दुपारभर मी या पेटीपाशी होतो, आणि कसम घालून सांगतो, ते रीळ मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

"साक्षीदार?"

"ही अंडी!" परकार चिडले होते, पण त्यांचा विषय निघाला की त्यांचा राग टिकत नसे. "या, पाहा. या पिल्लाचा मेंदू आता कुठे धरायला लागलाय. एका नळीला तीन फुगे येतात, त्यातून पुढचं सगळं घडतं. या वयात जरा गारवा लागला की फुगे वाकडे होतात. आणि गारवा का लागतो ठाऊक आहे? साठ्यांच्या भट्टीमुळे. ती लावली की सगळ्या बंगल्याची वीज खाते, माझ्या पेटीचा पारा उतरतो, आणि मी दिवसभर कंदील लावून शेकत बसतो. आमची भांडणं काय उगाच होतात?"

"आणि ही अंडी?"

"माशाल्ला, ही खेप पाहून घ्या. एकही वाया नाही. काल दुपारी पारा जागचा हलला नाही, मी खुर्चीत डुलक्या घेतल्या. असा दिवस महिन्यात एखादा मिळतो."

डुलक्या घेतल्या, म्हणजे कुणी आलं-गेलं ते ठाऊक नाही. अप्पासाहेबांनी मनातल्या मनात परकारांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आणि ते निघाले. दारात पोचल्यावर त्यांना वाटलं, आपण काहीतरी महत्त्वाचं ऐकलं आणि तसंच सोडून दिलं. काय ते मात्र आठवेना.

४

शनिवारी ते खारवलीला गेले. गावात बातमी त्यांच्याआधी पोचली होती. दादूचं घर कुठलं म्हणून विचारलं तर बायकांनी हाताने दाखवलं, तोंडाने कुणी बोललं नाही.

दादूची आई कृष्णाबाई दारातच बसली होती. फौजदार म्हटल्यावर ती उठली, आत गेली, घासून लख्ख केलेला तांब्या घेऊन आली.

"पानी घ्या, सायेब. उनाचं आलाव."

अप्पासाहेबांनी हात आडवा केला. ज्याच्यावर संशय त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा नियम त्यांनी नोकरीभर पाळला होता, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. "नको. मी कामावर असताना घेत नाही."

कृष्णाबाई तांब्याकडे पाहत राहिली. "कालपासना कोनीच घेत नाय," ती म्हणाली. "मना वाटला, तुमी शेरातले."

अप्पासाहेबांना ते लागलं. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी घसा खाकरून विचारलं, "दादू कुठे आहे?"

"आगरान गेलाय. काम बंद हाय, पन बांद फुटला तं गावच बुडंल. एकलाच गेलाय. त्याच्यासंगती कोन जानार आता?"

अप्पासाहेब बांधावरून चालत निघाले. दोन्ही बाजूंना चौकोनी वाफे, त्यात उन्हाने पांढरं झालेलं पाणी. डोळे उघडवेनात. दूरवर दादू एकटाच चिखल थापत होता. पंचविशीचा, काटक, तोंड सुकलेलं.

"गुरुवारी दुपारी बंगल्यावर का गेला होतास?"

"बाईंची छत्री ऱ्हायली होती आमच्या घरी. ती दिली ठेवून. परकार डाक्टर झोपलं होतं."

"काखेत काय होतं?"

"छत्रीच. सांगतंय ना."

"साठ्ये कुठे होते?"

"दिसलं नाय. खोलीचं दार उगडं होतं, आत कोनी नव्हतं."

"तू खोटं बोलतोस."

दादूने फावडं चिखलात रोवलं. "सायेब, आपली आय वाळीत पडंल असं कोन करील? शेठ मना सोन्यानं मढवंल, पन माझ्या आयला तांब्याभर पानी कोन देनार?"

अप्पासाहेबांनी डोळ्यांवर हात धरला. त्यांना जराशी सावली हवी होती. ते चहूकडे पाहत राहिले. समोर मीठ, मागे मीठ, खाडीपर्यंत मीठच मीठ. उभं असं काहीच नव्हतं. एक झुडूप नाही, एक झाड नाही.

"काय शोधताव?" दादूने विचारलं.

"सावली. एखादा माड वगैरे…"

एवढ्या दुःखातही दादू हसला. "आगरात माड कुठला, सायेब?"

अप्पासाहेब होते तिथेच उभे राहिले. दोन दिवस दातात अडकलेला कण निघाला. त्यांनी सुपारीची डबी खिशातून काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि ती उघडी करून तिथेच खाऱ्या पाण्यात उपडी केली.

"चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "आत्ता. तसाच चल."

५

साठ्यांच्या खोलीत सगळे जमले. परकार दाराशी हाताची घडी घालून उभे, मनोरमाबाई खुर्चीच्या कडेवर, दादू चिखलाच्या पायांनी उंबऱ्याबाहेर.

"आत ये," अप्पासाहेब म्हणाले. "साठ्येसाहेब, दादू काय म्हणाला ते पुन्हा एकदा सांगा. शब्दन् शब्द."

"कशाला त्याला लाजवता? बरं. 'डबा आगरात पुरलाय, माडाच्या बुंध्याशी.'"

"दादू, आगर म्हणजे काय?"

"मीठ पिकतंय तो आगर."

"आणि माड असतात ती जागा?"

"ती वाडी."

"मीही इथलाच, पनवेलचा," अप्पासाहेब म्हणाले. "मीही वाडीच म्हणतो. आगर म्हटलं की इथल्या शेंबड्या पोराच्याही डोळ्यांपुढे मीठ येतं. माडापोफळीच्या बागेला आगर म्हणतात ते खाली, श्रीवर्धनकडे. तुमच्याकडे. दोन वर्षं मी तुमच्या आगरातली सुपारी चघळतोय, म्हणून त्या दिवशी माझा कान फसला. तुम्ही वाडीकडे चालायला लागलात आणि मी शब्द विसरून पायांमागे आलो."

साठ्ये हसले. "एका शब्दावरून? माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल."

"झाली असेल. तो वाडी म्हणाला असेल आणि तुम्ही आगर ऐकलं असेल. म्हणून दुसरी गोष्ट विचारतो. गुरुवारी दुपारभर भट्टी चालू होती?"

"सांगितलं ना. चहापर्यंत."

"काय?" दाराशी परकार एकदम ताठ झाले. "गुरुवारी? खोटं! साफ खोटं! गुरुवारी माझा पारा रेघभरही हलला नाही. भट्टी लागली असती तर माझी निम्मी पिल्लं वेडीवाकडी झाली असती. चला माझ्या खोलीत, दाखवतो एकेक मेंदू!"

"नको, आम्हाला कळणार नाहीत," अप्पासाहेब म्हणाले. "तुमचं कळलं तेवढं पुष्कळ. भट्टी थंड होती, खोली रिकामी होती. तेव्हा, साठ्येसाहेब, तुम्ही किल्ली घेतलीत, डबा काढलात, रिकामा करून माडाखाली पुरलात. मग छत्री घेऊन आलेला दादू दिसला आणि गोष्ट आयतीच जुळली."

साठ्यांचा आवाज अजून शांत होता. "आणि रीळ? झडती घ्या. सापडलं तर बोला."

मनोरमाबाई उठल्या. त्यांनी ट्रंक पाहिली, गादी पाहिली, टेबलाचे खण पाहिले. रीळ नव्हतं. त्यांनी हताश होऊन अप्पासाहेबांकडे पाहिलं. अप्पासाहेब मात्र खुंट्यांवरच्या तारेच्या रिळांसमोर उभे होते, बाजारात वांगी निवडावीत तसे.

"या खोलीत जे येईल ते गंजतं," ते म्हणाले. "तुमचेच शब्द."

सगळी रिळं तांबडी होती. खालच्या ओळीतल्या एकावरची तारही तांबडीच होती, पण रिळाच्या दोन्ही कडा करड्या प्लॅस्टिकच्या, स्वच्छ, गुळगुळीत. गंजाचा ठिपका नाही. त्यांनी ते काढलं, तारेचे वेढे सोडवले. खाली मेणकागद निघाला. मेणकागदाखाली तपकिरी फीत होती.

मनोरमाबाईंनी तोंडावर हात धरला.

 मग साठ्येच बोलले, खाली पाहत. "मी ते शेठला अजून दिलं नव्हतं. सोमवारी मोऱ्याच्या बंदरातून लाँचने मुंबईला नेणार होतो, त्यांच्या घरी. त्यांच्या बांधावर मला माझे लोखंडी खांब रोवायचे होते. अख्ख्या किनाऱ्यावर तशी दुसरी जागा नाही. दहा वर्षांचं काम आहे माझं. ते म्हणाले, आधी रीळ, मग जागा. मला फक्त जागा हवी होती."

"तुमाला बांदावर जागा पायजे," दादू म्हणाला, "म्हनून आमची गावातली जागा घेतलीत?"

त्याचा आवाज चढला नव्हता. 

६

रविवारी संध्याकाळी गावकी बसली ती दादूच्याच अंगणासमोर. काशीराम मध्ये, पांढऱ्या मिशांचे, कानाने थोडे कमी. अप्पासाहेबांनी सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. आगर आणि माडापाशी आल्यावर म्हातारे एकमेकांकडे पाहून हसले, आणि मागे बसलेल्या बायकांतही हसू पसरलं. मग सगळे एकदम गप्प झाले, कारण मनोरमाबाई उठल्या होत्या.

त्यांनी रीळ काशीरामांच्या पुढ्यात ठेवलं. "बाबा, कपाटात राहील म्हणून शब्द दिला होता. माझं कपाट तो शब्द पाळू शकलं नाही. हे तुमचं तुम्ही ठेवा."

"तुजा अभ्यास?" काशीरामांनी विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. दोन वर्षांतलं सर्वांत मोलाचं काम त्या पुढ्यात ठेवून उभ्या होत्या, हे तिथे अप्पासाहेबांखेरीज कुणाला कळलं की नाही कोण जाणे.

काशीरामांनी रीळ हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, कृष्णाबाईकडे दिलं. "चुलीन टाक," ते म्हणाले. "आनि येताना पानी आन. तान लागलीय मना."

कृष्णाबाई हललीच नाही.

"अगो, ऐकतंस ना? पानी आन म्हनतंय. तुज्या घरचा."

ती आत गेली. बाहेर यायला तिला उशीर लागला. आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात तोच लख्ख तांब्या होता. काशीराम उभे राहिले, सगळ्या गावाला दिसेल असा तांब्या उंच धरला आणि घटाघटा प्यायले. पुढच्या म्हाताऱ्याने हात पुढे केला. मग त्याच्या पुढच्याने. दादू खांबाला टेकून उभा होता. तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला.

तांब्या फिरत फिरत, पुन्हा भरून, अप्पासाहेबांपर्यंत आला. कृष्णाबाई त्यांच्यासमोर थांबली. तिने पुढे केला नाही, नुसता धरून ठेवला.

"आज कामावर हाव का, सायेब?"

अप्पासाहेबांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. पाणी जरा मचूळ होतं. त्यांनी ते तळापर्यंत संपवलं आणि आणखी मागितलं.